पुलं लिहायचे कधी?

‘भाई - व्यक्ती की वल्ली’चा पहिला भाग मी जानेवारी २०१९ मध्ये वाशीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. शेवटी वसंतराव, कुमार गंधर्व आणि भीमसेन एकाच मैफलीत गायला लागतात, तेव्हा अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू! बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये माझ्या मामेबहिणीनं विचारलं, “दादा, पण हे लिहायचे कधी?” ती तेव्हा दहावीत होती आणि वहीच्या मागच्या पानांवर लपूनछपून गोष्टी लिहायची. मला उत्तर देता आलं नाही. महिन्याभरानं दुसरा भाग आला, तोही आम्ही पाहिला. उत्तर त्यातही नव्हतं.

महेश मांजरेकरांनी दोन सिनेमे खर्ची घातले. त्यात पेटी आहे, मित्र आहेत, नाटकाच्या तालमी आहेत, सुनीताबाईंशी खटके आहेत, दवाखान्यातला शेवट आहे. लेखन अधूनमधून चमकून जातं, पण ते झालेलं, तयार, टाळ्यांसकट. ज्या माणसाला आपण लेखक म्हणून ओळखतो, त्याचं काम तेवढं पडद्याबाहेर राहिलं.

सिनेमा आला तेव्हा आरडाओरडा झाला तो सिगारेट आणि दारूवरून. आमच्या भाईंना असं दाखवलंच कसं! मला त्या भांडणात काडीचा रस नाही. माणूस सिगारेट ओढत असेल तर ओढताना दाखवा. पण एवढ्या चिडलेल्या मराठी माणसांपैकी किती जणांनी तक्रार केली, की पुलंना कागदाशी झटताना कुठे दाखवलंच नाही? म्हणजे दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. आपल्यालाही लेखक असाच हवा असतो. गप्पांत कोटी करणारा, लग्नात शेजारी बसावा असा.

सगळ्यात जास्त खटकलं ते रावसाहेबांचं प्रकरण. बेळगावचे रावसाहेब पडद्यावर येतात आणि ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांसारखेच बोलतात. कानडी वळणाची, लिंगभेद न जुमानणारी ती मराठी ऐकून लोक खो-खो हसतात. पण याचा अर्थ काय होतो? वल्ली आयत्या मिळतात आणि लेखक म्हणजे चालताबोलता टेपरेकॉर्डर. तसं असतं तर बेळगावात त्यांच्याबरोबर रोज बसणाऱ्या प्रत्येकानं तो लेख लिहिला असता. रावसाहेबांच्या दिवसभराच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं टाकायचं, शिवी कुठे आली की हसू येईल आणि कुठे गलबलून येईल, हे कोणी ठरवलं? ते ठरवणं म्हणजेच लिहिणं. ‘व्यक्ती आणि वल्ली’तली पहिली चित्रं चाळिशीच्या दशकात मासिकांतून आली आणि पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९६५ मध्ये. मधली वीस वर्षं हा माणूस नुसती पेटी वाजवत नव्हता.

‘ती फुलराणी’च घ्या. १९७५ चं नाटक, मूळ शॉचं ‘पिग्मेलियन’. लंडनमध्ये तोंड उघडलं की माणसाची पायरी कळते. मराठीत ते कशानं कळतं? ‘न’ आणि ‘ण’नं? गावानं? जातीनं? फूल विकणारी पोरगी नेमकी कुठल्या मराठीत भांडेल? एका बाजूला शॉचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला कोरा कागद आणि मध्ये हा प्रश्न. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? मला तर मैफलीपेक्षा हा प्रसंग पाहायला जास्त आवडला असता. भक्ती बर्वेंच्या तोंडी ते स्वगत जाण्याआधी कोणीतरी खोडाखोड केलीच असणार ना!

सुनीताबाई पडद्यावर भरपूर आहेत, पण बहुतेक वेळा शिस्तीची बायको म्हणून. पुलंच्या प्रयोगांची व्यवस्था बघणारी, लेखनाच्या हक्कांबाबत काटेकोर असणारी आणि १९९० मध्ये ‘आहे मनोहर तरी’ लिहून अख्ख्या महाराष्ट्राला अस्वस्थ करणारी बाई ती. एका घरात दोन लेखक राहत होते. सिनेमाला त्यातला एकही धड सापडला नाही.

“लिहिणं पडद्यावर कसं दाखवणार? माणूस बसलाय आणि लिहितोय, बघणार कोण?” हे मी पुष्कळदा ऐकलंय. ही पळवाट आहे. दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला, त्यात सुरुवातीलाच सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. शब्द तेच, पण त्याच्या तोंडी ते पोकळ वाटतात. कवी कोण आणि चोर कोण, हे कुणीही भाषण न देता कळतं. (त्याच सिनेमात शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला. घ्या!) परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त फाळके कुंडीतला वाटाणा उगवताना चित्रित करत बसतात आणि आपण श्वास रोखून वाटाणा बघतो. वाटाणा! नंदिता दासच्या ‘मंटो’त कथा मध्येच आयुष्यात घुसतात, आणि लिहिण्यापायी माणूस कोर्टाच्या पायऱ्या कसा झिजवतो ते दिसतं. सिनेमा म्हणून ‘मंटो’ही काही ठिकाणी लांबतो, पण तो लेखकाचा सिनेमा आहे. तेव्हा जमत नाही हे खरं नाही. जमवायची गरजच वाटली नाही.

मामेबहीण आता हार्बर लाइननं रोज नेरूळ ते सीएसएमटी जाते. मध्यंतरी तिनं लिहिणं सोडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, “मला सुचतच नाही रे. एक पान लिहायला चार दिवस लागतात. आपल्यात ते नसावं.” ‘ते’ म्हणजे काय, हे तिनं सिनेमांतूनच उचललं होतं. लेखकाला सुचतं, भसाभस, चारचौघांत. चार दिवसांत एक पान, तेही खोडून पुन्हा, असा लेखक तिला कुणी दाखवलाच नव्हता.

मी तिला माझी फोनमधली नोट उघडून दाखवली. याच लेखाची, सातवी. पहिल्या सहा तशाच ठेवल्या आहेत. मानखुर्द ते वाशी, खाडीचा पूल येईपर्यंत तिनं त्या सगळ्या वाचल्या. मग म्हणाली, “तिसरीच बरी होती.”