अनुग्रहाची मोजदाद

आपत्तीत मेलेल्या जनावरांबद्दल सरकार जे द्रव्य देते, त्यास कायद्याच्या परिभाषेत ‘सानुग्रह साहाय्य’ असे नाव आहे. शब्द मोठा सोज्ज्वळ खरा. पण त्यात एक गोम आहे. अनुग्रह करणाऱ्यास हिशेब विचारावयाचा नसतो, आणि तो घेणाऱ्याने ‘एवढेच का?’ असे म्हणावयाचे नसते. आमच्या मते हा हिशेब विचारलाच पाहिजे.

केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांकरिता ठरविलेले दर असे होते : गाय वा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० आणि मेंढी वा शेळीस ४,०००. या दरांविषयी आम्ही येथे तंटा करीत नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यांना जोडलेल्या शेपटास. मोठी दुभती जनावरे असल्यास तीन, लहान असल्यास तीस, एवढ्यांपुरतेच एका कुटुंबास साहाय्य. त्याहून अधिक मेली असली तरीही एवढेच, असा तो नियम होता.

आता या नियमाचा प्रताप पाहा. दोनशे मेंढ्यांचा कळप पुरात बुडालेल्या धनगराची हानी सरकारच्याच दराने आठ लक्ष रुपये होते. त्याच्या हाती पडावयाचे एक लक्ष वीस हजार. म्हणजे मेंढीमागे सहाशे रुपये. एका ओळीत चार हजारांचे मोल लावावयाचे आणि पुढच्या ओळीत ते सहाशेंवर आणावयाचे, यास व्यवहारात काय म्हणतात ते वाचकांस सांगावयास नको. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस व थंडी यांनी पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या उघड्या रानात गारठून मेल्या. त्या वेळी मेंढीचा दर तीन हजारांचा होता. पुढे तो वाढला, पण तिसांची मर्यादा जागची हलली नाही.

कोणी म्हणतील, खजिना अपुरा आहे. ज्याच्यापाशी दोनशे मेंढ्या तो धनवानच, त्यास अधिक कशाला? हा युक्तिवाद शहरात बसून सुचण्याजोगा आहे. कळप हे या माणसाचे वैभव नव्हे, ते त्याचे शेत आहे. दुसऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून तो धान्य वा चार पैसे मिळवितो. कोकरे विकून वर्ष काढतो. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी पुढल्या पेरणीस जमीन उरते. याची तर जमीनच चार पायांची होती, आणि ती वाहून गेली. तीस मेंढ्यांच्या पैशांत दोनशेंचा कळप पुन्हा उभा राहत नाही.

दुसरे म्हणतील, मर्यादा काढली की खोट्या मागण्यांचा पूर येईल. परंतु खोटेपणा पकडावयास पंचनामा आहे, अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आहे. ज्या पंचनाम्यावर तीस मेंढ्यांपर्यंत विश्वास ठेवावयाचा, तोच एकतिसाव्या मेंढीपाशी अविश्वसनीय कसा होतो? लबाडीचा बंदोबस्त तपासाने करावयाचा असतो. प्रामाणिकाचे नुकसान कापून नव्हे.

आणि हे अशक्य आहे असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा व सोलापूर भागांत महापूर आले, तेव्हा ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने तीन जनावरांची मर्यादा उठविल्याचे घोषित केले. ते योग्यच झाले. परंतु त्यामुळेच आमचा प्रश्न अधिक तीव्र होतो : जे आक्रोश मोठा झाला म्हणून एका वर्षी देता आले, ते आक्रोशाची वाट न पाहता नियमाने का देऊ नये? लहान पुरात, आडबाजूच्या माळावर, वर्तमानपत्रांच्या नजरेआड ज्याचा कळप मरतो, त्याचे दुःख काही लहान नसते.

नव्या नियमांत एवढेच लिहावे : जितकी जनावरे मेली असे सिद्ध होईल, तितक्यांचे साहाय्य मिळेल. मृत्यू जर तिसांवर थांबत नाही, तर सरकारच्या अंकगणितानेही तेथे थांबू नये.