काका, तुमचं वायफाय भारी चालतंय!

गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांच्या दुकानात वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय. सबमिशनच्या आठवड्यात अख्खं हॉस्टेल तिथे पडीक, त्यामुळे तो सगळ्यांना रोल नंबरसारखा पाठ. गंमत म्हणजे बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि कार्डाचं मशीन, सगळं त्याच राउटरवर! तो बसवला आमच्याच ब्रांचच्या एका सिनिअरनं, चहा-सामोशाच्या बोलीवर. "भारी चालतंय राव" म्हणून आम्हीही त्याची पाठ थोपटली.

मित्रांनो, हे 'चालतंय'च घात करतं. अमेरिकेतल्या टीजेएक्स कंपनीच्या दुकानांतलं वायफायही छान चालायचं. त्याला वेप नावाचं कुलूप होतं आणि ते कसं फुटतं हे संशोधकांनी २००१ मध्येच छापलं होतं. २००५ मध्ये चोर दुकानाच्या वायफायवरून शिरले ते थेट कंपनीच्या सर्व्हरपर्यंत. जानेवारी २००७ मध्ये प्रकरण जाहीर झालं, नंतर आकडा आला ४ कोटी ५७ लाख कार्डांचा. कुलूप बदलायचं ठरलं होतं बरं का, काम 'चालू' होतं. (आपल्या जर्नलसारखं.)

२०१३ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीत तर वायफायचाही संबंध नव्हता. एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचा लॉगिन चोरला आणि तिथून चोर पोचले गल्ल्यावरच्या मशीनपर्यंत. कार्ड घासल्यावर नंबर क्षणभर मेमरीत उघडा असतो, तिथेच उचलला. सुमारे ४ कोटी कार्डं! एसीवाल्याच्या दारातून गल्ल्यापर्यंत वाट असावीच कशाला?

कुणी म्हणेल, आता सगळे यूपीआयवर, आणि बरीच नवी मशीनं नंबर आतच एन्क्रिप्ट करतात. मान्य. पण काकांच्या जुन्या बिलिंग कॉम्प्युटरवर आपले मोबाईल नंबर आहेत, पेनड्राइव्हमधून आलेली आधारची, मार्कशीटची पीडीएफ आहेत. त्याच्या शेजारी भिंतीवरचा पासवर्ड वाचणारा कुणीही बसतो.

लॅबमध्ये आपण व्हीलॅन करतो, व्हायवात त्याची व्याख्या धडाधड म्हणतो आणि दुकानात गेलो की सगळं एकाच राउटरला खुपसतो. डिपार्टमेंटनं मिनी प्रोजेक्टला गेटबाहेरची दहा दुकानं द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सर, मार्क कमी दिलेत तरी चालतील.

रविवारी आम्ही तिघं काकांकडे जातोय. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट वायफाय वेगळं काढायचं, राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलायचा. भिंतीवर कागद राहील, फक्त गेस्टच्या पासवर्डचा. तो काढला तर सबमिशनला पब्लिक आम्हालाच बदडेल. सामोसे सिनिअरनं द्यायचे ठरलेत.