पेन मेलं? नवीन घ्या!

टॅबलेटचं पेन चार्ज होत नाहीये? उपाय ठरलेले आहेत, मंडळी. ब्लूटूथ बंद-चालू करा, पेअरिंग काढून पुन्हा करा, टोक नीट घट्ट बसवा, अर्धा तास चार्जिंगला लावा. तरी ढिम्म? मग नवीन घ्या!

हा कुठला न्याय? पेनातला लिथियमचा सेल एवढुसा. वापराविना महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये पडला की आपोआप उतरत जातो आणि व्होल्टेज फारच खाली गेलं की कामातून जातो. बाकी सर्किट ठणठणीत! पण सेल बदलायचा तर पेनच फोडावं लागतं. २०१५ ची पहिली अ‍ॅपल पेन्सिल आयफिक्सिटवाल्यांनी अक्षरशः कापून उघडली आणि दुरुस्तीसाठी १० पैकी १ गुण दिला.

"अहो, बारीक पेनाला झाकण बसणार कुठे?" बसतं की! २०१४ च्या सरफेस प्रो ३ च्या पेनात साधा एएएए सेल होता. पेन पिळून उघडा, सेल बदला, विषय संपला. वॅकॉमच्या ईएमआर पेनांना तर लिहायला बॅटरीच लागत नाही, ऊर्जा टॅबलेटच पुरवतो. म्हणजे अडचण तंत्राची नाही, नियतीची... म्हणजे नियतीतल्या खोटीची!

युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला: १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपण निदान दुकानात विचारू तरी, "सेल बदलून मिळेल का?"

तोवर पेन महिन्यातून एकदा चार्ज करत चला. दुसरं काय!