दार उघडा, पण किती?

बेलापूर नावाच्या रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी बेलापुरात पोहोचलेला नसतो. स्थानक श्रीरामपुरात आहे. गावात येण्यासाठी पुढचा रस्ता धरावा लागतो. दुकानातल्या संगणकाचेही तसेच आहे. मालासाठी बाहेरगावी गेलेला व्यापारी मोबाइलवर व्हीपीएन जोडतो. जोडणी झालेली दिसते, पण दुकानातला हिशेब काही उघडत नाही. व्हीपीएनने त्याला राउटरपर्यंत आणून सोडलेले असते; पुढचा रस्ता फायरवॉलने अडवलेला असतो.

अशा वेळी काही कारागीर फायरवॉलच बंद करून देतात, किंवा संगणकाचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट साऱ्या जगाला खुले करतात. काम चालू होते, मालकही खूश होतो. आमच्या मते हे गल्ला उघडा टाकून बाजाराला जाण्यासारखे आहे.

जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून एकेक संगणक निकामी करीत गेला. त्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. म्हणजे दाराला कुलूप लावून भागत नाही. आत आलेल्याला किती मोकळीक द्यायची, हेही ठरवावे लागते.

ते ठरवणे अवघड नाही. व्हीपीएनने येणाऱ्यांना १०.८.० अशी वेगळी पत्त्यांची मालिका द्यावी. दुकानाची मालिका १९२.१६८.५० अशी ठेवावी. घरच्या व दुकानाच्या राउटरची मालिका एकच असली तर मोबाइल दुकानाचा संगणक घरातच शोधत बसतो. फायरवॉलमध्ये नियम लिहावा: व्हीपीएनवाल्याला हिशेबाच्या एकाच संगणकाकडे, एकाच पोर्टवर परवानगी, बाकी सर्व बंद. त्या संगणकाच्या विंडोज फायरवॉललाही हीच मालिका मान्य असावी, नाहीतर तो उत्तर देत नाही.

प्रत्येक माणसाची व्हीपीएनची किल्ली वेगळी असावी. मुनीम काम सोडून गेला की त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. आणि काम झाल्यावर व्यापारी बांधवांनी कारागिराला एकच प्रश्न विचारावा, "आत येणारा कुठपर्यंत पोहोचू शकतो?" त्याचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे. खतावणीत नुसते आपले आकडे नसतात. गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांची उधारीही असते. ती आपल्याकडे अमानत आहे.