पाठमोरी छायाचित्रे

छायाचित्र म्हटले की आपली दृष्टी प्रथम चेहऱ्याकडे जाते. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) यांनी मात्र असंख्य स्त्रियांची छायाचित्रे पाठमोरी घेतली. त्यांना टिपायची होती ती केशरचना. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६८ पासून ओजेइकेरे रस्त्यावर, कार्यालयात, लग्नसमारंभात दिसणाऱ्या केशरचनांची कृष्णधवल छायाचित्रे घेऊ लागले. अशी सुमारे १,००० छायाचित्रे त्यांनी मागे ठेवली. पुढे पॅरिस आणि व्हेनिस येथील प्रदर्शनांतही ती मांडली गेली.

या छायाचित्रांत काळ्या दोऱ्याने गुंडाळून कमानीसारखे उभे केलेले केस आहेत, टोपलीच्या विणीसारख्या वेण्या आहेत. एका रचनेचे नाव ‘ओनिले गोगोरो’, म्हणजे उंच घर. तेथील योरुबा समाजात ‘ओरी’ म्हणजे मस्तक हे माणसाच्या दैवाचे स्थान मानले जाते. म्हणून केसांना हात लावणाऱ्या व्यक्तीलाही मान असतो. केशरचनेवरून वय, विवाह, प्रसंग ओळखता येत असे. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतून नेलेल्या माणसांची डोकी अनेकदा भादरली जात, त्यामागील क्रौर्य यावरून ध्यानात यावे. केशवपनाच्या रूढीने स्त्रीपासून काय हिरावले जात होते, हे आपल्याकडील जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागणार नाही.

वैद्यकाच्या दृष्टीनेही हे केस समजून घेण्यासारखे आहेत. कृष्णवर्णीयांच्या केसांचे मूळ त्वचेखाली वक्र असते, त्यामुळे केस कुरळे येतात. टाळूवरील नैसर्गिक स्निग्धता अशा वळणदार केसांच्या टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. परिणामी केस कोरडे राहतात व लवकर तुटतात. तेल लावणे आणि वेण्या घालणे या रीतींत केसांचे रक्षणही साधते. मात्र वेणी वर्षानुवर्षे फार ताणून घातली, तर कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात. याला ‘ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया’ म्हणतात. घट्ट अंबाडा किंवा घट्ट वेणी घालणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांमध्येही हा विकार आढळतो. वेळीच ताण कमी केला तर केस पुन्हा येऊ शकतात. फार उशीर झाल्यास मुळे कायमची नष्ट होतात.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेचे केस विंचरणे कष्टाचे असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुष्कळ घरांत सोयीसाठी एके दिवशी कात्री लावली जाते. कापावे लागत असतील तर अवश्य कापा; पण आधी त्यांना विचारा. स्मृतिभ्रंशामुळे त्या उत्तर देऊ शकत नसतील, तर त्यांचे जुने छायाचित्र पाहा. भांग मधोमध होता की बाजूला, अंबाडा होता की वेणी, हे त्यात दिसेल. केस आखूड झाले तरी भांग तसाच पाडता येतो. आजोबांनाही हाच नियम लागू आहे.

विंचरताना मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा, केस मुळाशी हाताने धरावेत आणि गुंता टोकाकडून सोडवीत वर यावे. त्याच वेळी डोक्याची मागची बाजू, मान आणि कानांमागची त्वचा नीट पाहावी. सतत उताणे झोपणाऱ्यांना डोक्याच्या मागेही शय्याव्रण होऊ शकतात. लाली दिसली तर त्या जागेवरील दाब हटवून डॉक्टरांना दाखवावे. केस अचानक फार गळू लागले, तर वयाला दोष देऊन थांबू नये. थायरॉईडचा विकार, लोहाची कमतरता, नुकताच झालेला मोठा आजार किंवा एखादे औषध यांपैकी काही कारण असू शकते.

ओजेइकेरे यांच्या कित्येक छायाचित्रांत चेहरा मुळीच दिसत नाही, तरीही आपल्यापुढे कोणी एक मानी स्त्री बसली आहे, याविषयी शंका उरत नाही. आपल्या घरातील वृद्धांचे केस हाती घेताना हे ध्यानी असू द्यावे. कंगवा लावण्यापूर्वी एवढेच विचारावे : “आज केस कसे बांधू?”