पाण्यातून उठणारे विमान

वरवट बकालच्या एका शाळकरी वाचकाने विचारले आहे, की विमान वान धरणात उतरले तर बुडणार नाही का? बुडण्याची काळजी नको. पोट नावेसारखे केले की विमान तरंगतेच. खरी अडचण उठण्याची. ओल्या ओट्यावर सपाट ताट ठेवून सरळ वर ओढून पाहा, पाणी सोडत नाही. म्हणून अशा विमानाच्या पोटाला खालून एक आडवी पायरी करतात. वेग वाढला की पायरीमागे हवा शिरते, पकड सुटते आणि विमान पाण्यावरून घसरत उठते.

प्रवासी नेणाऱ्या अशा विमानांत इंग्लंडच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीचे ‘एम्पायर’ विमान गाजले. साम्राज्यभरची टपाल विमानाने पाठवायची, असे १९३४ साली तिकडे ठरले. पण वाटेत पक्के विमानतळ कुठे होते? तळी आणि नद्या मात्र तयार होत्या. आर्थर गूज या रचनाकाराला पेच पडला. पोट रुंद केले तर पाण्यावर बरे, पण हवेत अडते. त्याने ते अरुंद आणि उंच केले. कंपनीने १९२४ सालीच चाचणीसाठी लांबलचक हौद बांधला होता. पंख वर बसवले, म्हणजे पंख्यांवर पाणी उडू नये. चार इंजिने, भरल्यावर वजन सुमारे १८४ क्विंटल, आत २४ प्रवासी. नमुना उडण्याआधीच २८ विमानांची मागणी गेली! आपण बैलसुद्धा चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही. पहिले ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये उडाले, आणि सुदैवाने चांगले उडाले.

पुढे ही विमाने कराचीहून कलकत्त्याला जाताना मेवाडातल्या राजसमंद तळ्यावर आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरला माधोसागरावर उतरत. राजसमंद हे सतराव्या शतकात महाराणा राजसिंहांनी बांधलेले. दुष्काळात लोकांच्या हाताला काम देणारे तळे असे विमानतळ झाले. पण नुसते पाणी पुरत नाही. लांब, मोकळा पट्टा लागतो. तरंगते लाकूड आपटले तरी पोट फाटायचे, म्हणून आधी मोटारबोट फिरवून पाणी तपासत.

युद्धाच्या काळात जागोजागी काँक्रीटच्या धावपट्ट्या झाल्या. जमिनीवरच्या विमानाला नावेचे जड पोट वागवावे लागत नाही, त्यामुळे तेच परवडू लागले. ब्रिटिश सरकारी कंपनीने १९५० साली आपली उडती नावसेवा बंद केली. ‘कॅनोपस’ युद्धातून सुखरूप वाचले होते, ते त्याआधीच, १९४६ साली मोडीत निघाले.