वस्ती बदलली, टोळी कुठे गेली?

मुंबईतल्या भायखळ्याच्या दगडी चाळीचे नाव सांगली-साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. ठाऊक असणारच. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर इथल्या माणसांच्या घामावर गिरणगाव उभे राहिले. एकेका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपले आणि गावाकडे मनीऑर्डरी पाठवत राहिले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, हजारोंची चूल विझली. बापाची पाळी बंद झाली आणि पोरगा नाक्यावर आला. टोळ्या त्याआधीही होत्या, पण संपानंतर त्यांना पोरे स्वस्तात मिळू लागली. अरुण गवळी हाही गिरणी कामगाराचाच मुलगा.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. फिनिक्स गिरणीत आज श्रीमंतांचा बाजार भरतो. 1999 साली मोक्का कायदा आला. 2012 साली गवळीला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. जुन्या टोळ्यांचा दरारा ओसरला. मग गुन्हेगारी संपली का? नाही. पूर्वी हप्ता दुकानदाराकडून घेतला जाई, नंतर नजर जमिनीच्या व्यवहारांवर गेली. चाळीतला माणूस मात्र कल्याण-विरारच्या पलीकडे फेकला गेला.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात तिथल्या गरीब इटालियन वस्त्यांतून माफिया टोळ्या फोफावल्या. 1970 च्या रिको कायद्याने त्यांच्या म्होरक्यांना तुरुंगात घातले. पण त्याआधीच वस्तीने टोळीची पोरे काढून घेतली होती. इटालियनांची मुले शिकली, नोकरीला लागली, उपनगरात घरे घेऊन राहिली, दुसऱ्या समाजात त्यांची लग्ने झाली. दिवाणजी, वकील, मास्तर झालेल्या बापाचा मुलगा पिस्तूल कशाला उचलेल?

हीच शिडी काळ्या लोकांना मात्र मिळाली नाही. त्यांच्या वस्त्यांना बँका घरकर्ज देत नव्हत्या, गोऱ्यांच्या उपनगरात त्यांना घर मिळत नव्हते. पगार असूनही वस्ती सुटत नव्हती. वाचकहो, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक आपल्या शहरातही भेटतो.

म्हणून गुन्हेगारी रक्तात असते, अमुक वस्तीतच असते, हे बोलणे खोटे आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कायद्यातून पुसायला 1952 साल उजाडले. लोकांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही.

पण समाजाकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. आज मोक्का सांगलीसारख्या जिल्ह्यातल्या पोरांवरही लागतो. दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे झालेल्या टोळीला तो लावता येतो. जामीन अवघड. दोषारोपपत्रासाठीच पोलिसांना 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. संघटित गुन्हेगारीची शिक्षा किमान पाच वर्षे आणि दंड किमान पाच लाख रुपये. ‘भाई’ वकील लावून बाहेर येतो. त्याची मोटारसायकल चालवणारा पोरगा आत राहतो आणि त्याच्या आईचे डोरले सावकाराकडे जाते.

मी कारकून आहे, कागदाची ताकद रोज पाहतो. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते. अठराव्या वर्षी मारामारीत नोंदलेले नाव पंचविसाव्या वर्षी नेमणूक अडवते. वाढदिवसाच्या फलकावर ‘भाई’शेजारी फोटो लागला म्हणून हरखणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

2025 साली वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथला माणूस तिथेच, चांगल्या घरात राहिला, ही आनंदाची गोष्ट. पण नुसत्या इमारतीने टोळी हटत नाही. इमारतीतल्या पोराला सकाळी जायला कॉलेज, आयटीआय किंवा काम हवे.

आपल्या हाती काय आहे? विहारात रात्री अभ्यासासाठी दिवा चालू ठेवा. दहावी नापास मुलाला घालून-पाडून बोलू नका, पुन्हा फॉर्म भरून द्या. नोकरीला लागून वस्तीबाहेर राहायला गेलेल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत यावे. नाक्यावरच्या पोराला पगारावर जगणारा ओळखीचा माणूस दिसू द्या. नाहीतर त्याला फक्त ‘भाई’ दिसेल.